मासर रोडच्या अलीकडे

पहिल्या दिवशी विश्वामित्री ते पादरा.
नकाशावर हे बोटभर होतं.
अडीच फुटी गाडीचे रूळ उपटून नेले,
उरलेल्या भरावावर आता चालायची वाट झाली आहे,
दर दोन किलोमीटरला एक हिरवा दगड,
थेट खाडीकडे.

आम्ही चौघं. पागेकाका, हेमलता, तिचा भाचा ऋतुपर्ण,
आणि मी, जिनं एकतीस वर्षं महापालिकेत घरपट्टी आकारली
आणि उघड्यावर एकही रात्र काढली नाही,
भूकंपाच्या वर्षीची सोडून.

पादऱ्यात हेमलताच्या नणंदेनं गाद्या घातल्या.
दुसऱ्या रात्री मात्र तंबू,
रावपुऱ्यातल्या मंडपवाल्याकडून भाड्यानं आणलेला.
पिशवीवर लिहिलं होतं खुंट्या सोळा,
आत निघाल्या अकरा.
बाकीच्या कोपऱ्यांवर जुन्या खडीतले दगड ठेवले,
काळे, तेलकट, अजून इंजिनाचा वास असलेले,
की मलाच तो आला.

जेवायला ढेबरं, छुंदा, लीलो चिवडा.
ढाढर जवळच आहे, पाण्याला एकटी जाऊ नकोस,
हेमलता म्हणाली, मगरी काय फक्त गावातच राहत नाहीत.
पागेकाकांनी मगरीची एक गोष्ट सांगितली,
दुसरी सांगता सांगता झोपले.

मध्यरात्री कुणी सूप पाखडतंय असा आवाज.
लांबून, मग जवळ, मग तंबूच्या कापडाला लागून.
चेन उघडली तर
मेंढ्या.
पुढची थांबली म्हणून मागच्या सगळ्या थांबलेल्या,
चांदण्यात भरावभर नुसत्या पाठी.

म्हातारा रबारी काठीवर हनुवटी टेकून उभा.
इथे का, असं त्यानं विचारलं नाही.
'अंदर केटला?' एवढंच.
मग सावकाश सांगितलं, उजवीकडे खड्डा आहे, पाण्याचा,
डावीकडे कपास, मालक पोलिसात जातो.
गाडी होती तेव्हा आम्ही खालून जायचो.
गाडी गेली, आम्ही वर आलो.

आम्ही दगड काढले, खुंट्या उपटल्या.
पागेकाका उठेनात.
शेवटी रबाऱ्यानं एक कोपरा धरला, आम्ही तिघांनी तीन,
आणि गोधडी ओढावी तसा तंबू
काकांसकट कडेला ओढला.
आतून आवाज आला, 'पादरा आलं का?'
'नाही अजून,' हेमलता म्हणाली. 'झोपा.'

मग त्या निघाल्या.
पोटऱ्यांना लोकर घासत होती, ओलसर, ऊबदार,
आणि मी सवयीनं मोजायला लागले.
तीनशे बेचाळीसपर्यंत आठवतं,
तिथे एक कोकरू माझ्या चपलेवर उभं राहिलं आणि हिशेब गेला.
सगळ्यात शेवटी उंट,
पाठीवर उलटी बाज, बाजेच्या पायांमध्ये भांडी,
गुंडाळलेली रजई, रजईत झोपलेलं मूल.
पुढे दोरी धरून एक बाई, माझ्याच वयाची,
तिनं तंबूकडे पाहिलं आणि हसली,
शेजारणीचा स्वयंपाक फसल्यावर हसतात तशी.
हे घर मी
कोणत्या रकान्यात लिहिलं असतं?

धूळ बसायला वेळ लागला.
म्हाताऱ्यानं जाताना ऋतुपर्णच्या हातात
आमचीच एक खुंटी दिली, वाकलेली, सरळ करून.

सकाळी वाटेवर लेंड्या आणि खुरांचं बारीक नक्षीकाम.
पागेकाका विचारत होते, आपण इथे झोपलो होतो का,
मला तो हिरवा दगड उशाशी आठवतो.
हिरव्या दगडाच्या मागे सूचना रंगवली होती,
या मार्गावर जनावरांना मनाई आहे.
ऋतुपर्णनं ती मोठ्यानं वाचली, मग गप्प झाला
आणि दाताला लागलेला चिवडा काढत राहिला.

त्या रात्री तंबू लावताना
कुणी कुणाला काही सांगितलं नाही.
कडेला लावला, उतारावर, मधली वाट मोकळी ठेवून.
रात्रभर आम्ही तिघं घरंगळत होतो पागेकाकांवर.
मी चेन थोडी उघडी ठेवली होती.
कुणी आलं नाही.