दोघांच्यानं उचलंल अशी

औशाच्या मोंढ्यामागं, खताच्या दुकानाला लागून
चनबस हलकुडेंचं दुकान.
प्लायवूड, पत्रे, आणि आता ही नवी पाटी :
फायबर सिमेंट बोर्ड, बाहेरच्या भिंतीसाठी.
मन्मथनं मोबाइलात फोटो दाखवला होता,
उभ्या फळ्या, जोडावर उभ्या पट्ट्या,
कुठलं तरी थंडीतलं घर, दारात बर्फ.
म्हणाला, वरची खोली अशी करू.
मी म्हणलं, आपल्याकडं बर्फ नाही, पश्चिमेचं ऊन आहे.
उन्हाला पण चालतंय, म्हणाला.

चनबसअण्णांनी नमुने टेबलावर मांडले
पत्त्याच्या पानांसारखे.
रंगांची नावं वाचली, अडखळत,
आणि मी मनात आपली नावं ठेवत गेले :
करडईच्या भुशाचा,
निवलेल्या राखेचा,
सोयाबीन काढल्यावरच्या रानाचा.
मन्मथला पांढरा पाहिजे होता.
पांढऱ्यावर आमची माती काय करते
ते धुणाऱ्या हातांना विचारा.

खाजामियाँ मिस्त्री बिडी विझवून आत आले.
त्यांना हे पटलेलं नव्हतंच.
"वीट नाही, गिलावा नाही,
नुसता लोखंडी सांगाडा अन् वरून कातडं."
तरी तुकडा हातात घेतला, कड बघितली,
नखानं खरवडली,
बादलीत बुडवून ठेवला
आणि चहा येईस्तोवर त्याच्याकडंच बघत बसले.
वाळवी? लागत नाही. आग? धरत नाही.
जोडात तीन मिलीमीटर मोकळं सोडायचं,
उन्हात अंग हलवतंय ते,
वरून पट्टी मारली की झालं.
"म्हणजे हलणार हे धरूनच चाललंय," मिस्त्री म्हणाले
आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.
त्यांचं गाव आमच्या जुन्या गावाच्या
पलीकडच्या काठाला होतं.

मग मी विचारलं, वजन किती?
चनबसअण्णा हसले.
"लोक रंग विचारतात, भाव विचारतात,
वजन घेऊन काय करता ताई?"
आठ फूट बाय चार. मागं थप्पी रचलेली.
मी पदर खोचला.
एकटीनं कड उचलली. गुडघ्यापर्यंत आली, पुढं नाही.
अगं, लोक बघायलेत, मन्मथ म्हणाला.
बघू दे.
"मिस्त्री, ते टोक धरा."
धरलं. कमरेला आणलं, छातीला,
मग डोक्याच्या वर.
पंखा खटखट करत होता.
बोर्डाखाली अंधार किती असतो ते मी मोजलं.
फार नव्हता. कडेनं उजेड येत होता.

आमची जुनी भिंत अडीच हात रुंद. दगड आणि पांढरी माती.
तिच्यावर माणूस आडवा झोपंल,
असं काका सांगायचे, पाहुण्यांना, कौतुकानं.
त्या पहाटे मी आठ वर्षांची
आणि महानंदा माझ्याहून लहान.
तिच्या उशाला तांब्या होता.
तांब्या वाजवत होती ती, आतून.
बाहेर माणसं होती. चौदा-पंधरा तरी होती.
उचललं नाही.

बोर्ड आम्ही खाली ठेवला, हळू,
कोपरा मोडू नये म्हणून.
खाजामियाँनी तळहात पायजम्याला पुसले.
बोलले काहीच नाहीत. खिशातला टेप काढला, परत ठेवला,
आणि बिडीच्या पुड्यावर आकडा लिहिला.
"पट्ट्या सोळा इंचांवर घेऊ."
मन्मथ अजून पांढऱ्याचंच बोलत होता.
मी करडईच्या भुशावर बोट ठेवलं.

पावती फाडताना चनबसअण्णा म्हणाले,
"मग, आवडली का भिंत?"
दोघांच्यानं उचलतीय, मी म्हणलं.
त्यांना वाटलं मी भाड्याच्या टेम्पोचं बोलतेय.
"हमाली वेगळी पडंल हं ताई," म्हणाले,
आणि शिक्का मारला.