फोटोखालची ओळ

फळा शाळेला लागतो, म्हणून कचेरीच्या भिंतीवर
मक्याच्या पिठाचं पोतं उसवून ठोकलंय,
त्यावर कोळशानं बारा चौकटी.
सेमोंकाँगच्या या डोंगरात, एका खोलीत बसून
पुढच्या वर्षानं काय काय बोलायचं
ते आज मी ठरवतेय.

जानेवारीत देणगीदारांचे आभार.
हॉलंडात तेव्हा खिडक्या गोठलेल्या, इथे पीच पिकलेले;
दर वर्षी "उबदार शुभेच्छा" लिहिते
आणि माशा हाकलते.
मार्चमध्ये रात्रशाळेची नावनोंदणी, ती रेडिओवरून,
कारण मेंढ्या राखणाऱ्या पोरांना पत्र पोचत नाही,
पोचलं तरी वाचता येत नाही,
आणि वाचता येत नाही म्हणून तर शाळा.
जूनला रस्ता बंद. न्ताते मोखेथी म्हणतात, "बर्फ लिही."
बर्फ ही काय बातमी?
"तिकडे चालते," म्हणतात.

डिसेंबर मात्र आधीच भरलेला असतो.
डिसेंबर म्हणजे मोठं पत्र,
वर्षाचा निम्मा पैसा त्या एका पाकिटात.
गेल्या वर्षी त्यावर रापेलांग होता,
नाकापर्यंत घोंगडी, वर नुसते डोळे,
आणि खाली माझी ओळ :
एकटा. उपाशी. अंधारात.
अकरा सौरदिवे आले त्या ओळीवर,
चार बाकं, एक शेगडी.

लोकर कातरायला कळप खाली उतरलाय या आठवड्यात.
मंगळवारी रात्री, मेंढ्या कोंडून,
रापेलांग शेगडी पेटवायला वाकला
तर जाळायच्या रद्दीत त्याला तो स्वतःच सापडला.
मागच्या बाजूला सेसोथो होतं,
गावच्या मुखियाला दाखवायला छापलेलं.
बोट ठेवत ठेवत वाचलं त्यानं,
ए... क... टा.
मी जागेवरून उठलेच नाही.

"कोण एकटा?"
"तू."
"माझ्याजवळ बेचाळीस मेंढ्या होत्या. ताऊ होता, भुंकत होता,
तुलाच तर भुंकला.
पलीकडच्या टेकडीवरून खोत्सो शीळ घालायचा
आणि मी परत घालायचो.
उपाशी कोण?"
मी गप्प.
"पापा खाऊन भांडं घासत होतो मी, तू आलीस तेव्हा.
तूच म्हणालीस, भांडं खाली ठेव."
मग कागद उलटा करून
फोटोच्या कडेला बोट फिरवलं त्यानं, सावकाश,
जणू भांडं तिथेच कुठेतरी
कापल्या जागी असेल.

रागावला असता तर बरं झालं असतं.
त्यानं फक्त विचारलं, "अंधारात, हे बरोबर आहे.
पण ते सगळ्यांनाच असतं ना, रात्री?"
त्याच्या डोक्यावर त्या अकरातला एक दिवा,
ज्याच्या उजेडात तो मला
माझंच वाक्य वाचून दाखवत होता.

काय सांगणार त्याला?
की भरल्या पोटाचं पत्र कुणी उघडत नाही?
मला तरी कुठे ठाऊक आहे खरंच?
कधी पाठवून पाहिलंय?

जाताना कोळशाचा तुकडा मागितला.
सप्टेंबरच्या चौकटीत, मी अजून काहीच लिहिलं नव्हतं तिथे,
वाकड्या अक्षरांत लिहिलं : कोकरं.
"तेव्हा ये फोटो काढायला," म्हणाला,
"डिसेंबरात आम्ही वर असतो. इथे कुणीच नसतं."
आणि शीळ घालत उतरला.

मी ओल्या फडक्यानं डिसेंबर पुसलाय.
नीट पुसला गेला नाही, पोत्यावर करडा डाग राहिलाय.
सकाळी न्ताते विचारतील.
दिव्यांच्या बॅटऱ्या दोन वर्षं टिकतात,
एक संपलं.