आठशे वॅट

रविवार. सहा वाजून वीस मिनिटं.
सुदामा नगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात
मी मिक्सरमध्ये ओट्स वाटतोय,
झाकण दोन्ही हातांनी दाबून धरत,
जणू आत कुणी उठून बसेल.

चौतीस वर्षं विद्युत मंडळात मीटर वाचले.
लोकांच्या घरात फक्त जिन्याखालपर्यंत गेलो.
स्वतःच्या घरातही, खरं सांगायचं तर,
ओट्याच्या अलीकडेच थांबलो.
ओटा आणि ओट्स,
दोघांशी ओळख एकाच आठवड्यात झाली.

फेब्रुवारीत मृणालिनीला स्टेंट बसला.
शेव बंद. जिलबी बंद.
पोहे चालतील, डॉक्टर म्हणाले,
पण कमी तेलात, आणि वर काही नाही.
वर काही नाही तर ते पोहे कसले,
असं म्हणून तिने इंदुरात राहून
दोन महिने पोह्यांचं नाव काढलं नाही.

मशीन निनादने पाठवलं, पुण्याहून.
काळं, बैठं, जेवणाच्या डब्याएवढं.
मी आधी उलटं करून तळ वाचला:
आठशे वॅट.
बरं वाटलं. कुणीतरी ओळखीचं भेटलं.

वाटीभर ओट्स, अर्धी वाटी ताक,
सालीवर डाग पडलेलं एक केळं,
चिमूटभर सोडा,
आणि दालचिनी शोधायला अकरा मिनिटं.
डब्यांवर नावं नाहीत.
तिला कधी लागलीच नाहीत.
आणि तिला उठवायचं नव्हतं.

लाल दिवा. हिरवा दिवा. ओतलं.
पहिलं मधोमध फाटलं,
अर्धं वर, अर्धं खाली,
कुणीच सोडायला तयार नाही.
तेवढ्यात कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली.
ओल्या कचऱ्याच्या डब्याशी मी क्षणभर थबकलो,
मग उभ्या उभ्याच खाऊन टाकलं.
गरम. अळणी. मीठ राहिलं होतं.

दुसऱ्याआधी तेलाचं बोट फिरवलं.
वाफ थांबेपर्यंत उघडायचं नाही, म्हणे.
मी वाफेकडे बघत बसलो,
गीता भवनजवळच्या दवाखान्यात
एका बंद दाराकडे बसलो होतो तसा,
आणि किती वेळ, ते कुणी सांगत नव्हतं.

निघालं. अख्खं.
चौकोनाला लागून चौकोन.
आणि मला तो गुलाबी कागद आठवला,
बारीक चौकटींचा,
त्यावर तिचं हृदय चढत-उतरत गेलेलं,
आणि जन्मभर आकडे वाचणाऱ्या मला
त्यातलं एक अक्षर लागलं नव्हतं.

"काय करून राहिलात?"
दारात ती, केस मोकळे, चष्मा नाही.
नाश्ता, म्हणालो.
तिने बशी उजेडात धरली.
"ही तर मोरीची जाळी."

मग खुर्ची ओढून बसली.
डाळिंब सोललं,
एकेका खणात एकेक दाणा बसवत गेली, न बोलता,
पहिल्या ओळीत सहा, दुसरीत सहा,
तिसरीत कंटाळली आणि उरलेले ओतले.
न बघता हात मागे नेला
आणि जिरावणाची बाटली काढली.
डॉक्टरांनी जिरावणाचं नाव घेतलं नव्हतं.
मीही घेतलं नाही.

कोपरा मोडला. चावला.
"मीठ नाही."
विसरलो.
"बरं केलंत. आणि हे काय घातलंय?"
दालचिनी. हळदीमागच्या डब्यातली.

मशीनचा दिवा पुन्हा हिरवा झाला.
"ती सुंठ आहे," ती म्हणाली,
आणि दुसरा घास घेतला.