पाच किलोचा पक्षी

पेंग्विनचं वजन पाच किलो.
एवढ्याने सुरुंगाला जाग येत नाही.
हे चिरोंबेने पहिल्याच दिवशी सांगितलं, टेकडीवर,
आणि म्हणाला, तू बहात्तर आहेस, न्हामोइनेसू,
विसरू नकोस.

तेव्हापासून मी पोटावर आहे.
अंगावरचं पांघरूण कुणी ओढून न्यावं
तसा फॉकलंडचा वारा पाठीवरून जातो.
समोर मीटरभर रुंद पट्टी, दोन्ही अंगांना लाल दोरी.
सळई तिरकी, बोटाच्या पेराएवढी आत.
पुन्हा पेरभर. पुन्हा.
मुळं लागतात. शिंपला लागतो. मेंढीचा दात.
कधी टोकाला असं काही लागतं
की डोक्याआधी मनगटाला कळतं
आणि श्वास जिथल्या तिथे बसतो.

इटलीत केलेले, तळहाताएवढे,
दगड वाटावेत म्हणून मुद्दाम ओबडधोबड.
कुणीतरी टेबलाशी बसून दगडाचा अभ्यास केला असणार.
त्याला त्याचा पगार मिळाला. मला माझा मिळतो.
अडतीस वर्षांत वाळूने त्यांना कुठल्या कुठे नेलं,
नकाशातल्या रांगा मोडल्या.
नकाशा काढणारा अर्जेंटिनाचा पोरगा, असेल एकोणीसचा.
त्याच्या सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ आहे.
मी त्याला मनातल्या मनात शिव्या देतो,
मग त्याच रेघेवर बोट ठेवून पुढे सरकतो.

दुपारी, आम्ही पाणी प्यायला बसलो की
कुंपणाखालून पेंग्विन येतात, पोटं पुढे काढून,
लग्नघरी उशिरा पोचलेल्या व्याह्यांसारखे.
सुरुंगावर उभे राहतात.
मान खाजवतात. शिटतात. निघून जातात.

फोनवर हे ऐकून आई हसली.
ती मुकुंबुराकडे, सीमेलगत. तिथेही सुरुंग आहेत,
आमच्या युद्धातले, माझ्याहून वयाने मोठे.
कुंपण नाही. तार लोकांनी कधीच
कोंबड्यांच्या खुराड्यांना नेली.
तिथे माणसं किती राहतात रे? तिने विचारलं.
म्हटलं, तीन हजार.
आणि काढणारे तुम्ही?
शंभरेक.
बराच वेळ लाइनवर नुसती खरखर.
मग म्हणाली, जेवलास का?

शेवटच्या दिवशी किनारा मोकळा झाला.
पोस्टातली ग्रिझेल आली.
अकरा वर्षांची असताना इथे तिची बादली राहिली होती.
तिने बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटांत नीट कोंबले,
आणि जिथे काल तार होती तिथे थांबली.
साफ आहे, बाई, मी म्हटलं. मी स्वतः केलाय.
ठाऊक आहे, ती म्हणाली. पाय ऐकत नाही.

मग आम्ही खांद्याला खांदा लावून
वाळूवरून चाललो, टाचा आपटत.
मी तर उड्या मारल्या,
बहात्तर किलो, बुटांसकट चौऱ्याहत्तर.
मागून ती, माझ्या ठशांत पाऊल टाकत,
समुद्रापर्यंत.

मार्चमध्ये मला एक निळी कडी सापडली होती, बादलीची.
सळईला लागली तेव्हा मी सव्वा तास
तिच्याभोवतीची माती ब्रशने झाडत होतो.
ती खिशात होती. काढून दिली.
ग्रिझेल म्हणाली, माझी नव्हे. माझी पिवळी होती.
तरी ठेवून घेतली.

रात्री आईला सांगितलं, संपलं इथलं.
तिने विचारलं, त्या पक्ष्याचं वजन किती म्हणालास?
पाच किलो.
आपली कालवड दीडशेची होती, ती म्हणाली.
आणि रुनाको बावीस.
लस टोचली त्या दिवशी तोललं होतं दवाखान्यात.
कार्ड आहे माझ्याकडे.