चाळणीचं हाड

गंगापूर रोडला डॉक्टर क्षेमकल्याणींनी
फिल्म उजेडावर धरली, तेव्हा
माझं नाक मला पहिल्यांदा आतून दिसलं.
राखाडी. पोकळ. गुंडाळलेल्या पातळ हाडांचं,
कुणी पान लावता लावता उठून गेल्यासारखं.
"इथं श्वास ऊन होतो, ओला होतो.
आणि हे वर, दोन डोळ्यांच्या मधोमध,
चाळणीचं हाड.
याच्या भोकांतून वासाचे धागे मेंदूत चढतात.
द्वारकेला स्कूटरवरून पडलात ना,
मेंदू आत हिंदकळला.
धागे कातरले गेले."

मला हसू आलं.
साहेब, कापल्या नाकावरून नाव पडलेलं हे गाव,
आणि माझं कापलं ते आतून.
बाहेर चमकीसुद्धा हलली नाही.

माझं काम नाकाचंच.
विंचूरला आमच्या सहा चाळी, कांद्याच्या.
संध्याकाळी वारा पडला की
मी कडेकडेनं चालायची, अनवाणी, सावकाश,
आणि थांबायची. इथं. खालून हातभर.
उपसून बघावं तर एकच कांदा,
मानेशी मऊ पडलेला,
अजून शेजाऱ्याला न लागलेला.
गडी म्हणायचे, मंजुळावहिनी गेल्या जन्मी कुत्री होती.

डॉक्टर म्हणाले, त्याही आधी चिचुंद्री.
पेशंट नसले की ते फार बोलतात.
टेबलावर कुत्र्याची कवटी, तिच्याखाली बिलं.
"दिवस अवाढव्य सरड्यांनी घेतलेला.
आपल्या वाट्याला रात्र आली.
अंधारात डोळे काय कामाचे?
नाक लांबलं, मिशा फुटल्या,
वासाचा हिशेब ठेवायला
नाकामागं मेंदू वाढत गेला.
पुढं काही जण झाडावर चढले,
पिकलं फळ रंगावरून ओळखायला लागले,
आणि तोंड चपटं झालं.
वासाची हजारेक कुलपं होती आपल्याकडं.
सहाशे गंजली.
टाकून मात्र दिली नाहीत अजून,
पेशीपेशीत अडकवलेली आहेत."

म्हणजे चारशेवर मी सहा चाळी राखल्या.

आता दूध करपतं ते मला डोळ्यांनी कळतं.
पाऊस पडून गेलेला अंगणात दिसतो, तेवढाच.
पण सगळ्यात वाईट म्हणजे
माझी साडी मला कुणा परक्या बाईची वाटते.
श्रावणात चौथ्या चाळीला पाणी सुटलं,
माशा घोंगावल्या, तेव्हा आम्हाला कळलं.
कुणी काही बोललं नाही.
जाऊबाईंनी घमेली मोजली, मोठ्यानं.

सांगळ्यांचा बोकड कुंपणाशी उभा राहून
वरचा ओठ मुडपतो, तोंड आभाळाकडं करतो.
टाळूपाशी त्याला दुसरं नाक असतं म्हणे.
माणसाचं ते आईच्या पोटातच विरत जातं.
दुपारी कुणी नाही असं बघून
मीही ओठ मुडपून पाहिला.
काही नाही.
बोकडानं मात्र माझ्याकडं जरा अदबीनं पाहिलं.

"धागे पुन्हा रुजतात," डॉक्टर म्हणाले होते,
"कधी कधी भोक चुकतं."
आठव्या महिन्यात शेजारच्या द्राक्षबागेत
भुरीवर गंधक मारत होते.
पिवळा धुरळा बांधावरून आला
आणि मला वास आला:
ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीचा.
साफ चुकीचा.
मी तो दोनदा, तीनदा आत ओढला,
पदर नाकाशी धरून घरात आले,
कुणाला सांगितलं नाही.

त्या रात्री उरलेल्या शेवटच्या चाळीत
बॅटरी घेऊन गेले. कशाला, ते माहीत नाही.
भिंतीच्या कडेकडेनं चिचुंद्री आली,
चिक् चिक् करत,
थुंकी लावून टोक केलेल्या वातीसारखं नाक वर धरून.
डोळे असून नसल्यासारखे.
अळ्यांच्या मागावर असणार.
थांबली. नाक हललं, उजवीकडं, डावीकडं, खाली.

बॅटरी विझवली मी.
आणि ती जिथं थांबली होती तिथं
बांबूच्या फटीतून हात घातला,
खालून हातभर.