सातवा हस्त

दाभोळच्या खाडीकडे तोंड करून बसलेली मशीद.
ओसरीला बारा खांब,
आणि खांबांच्या डोक्यावर तुळई तोलून धरणारे
चोवीस हस्त.
आम्ही तक्त्यात ‘कंस’ लिहिलं होतं.
याकूब वस्तांनी खोडायला लावलं.

सातवा वाळवीने नेला.
वरून रंग शाबूत, कमळ शाबूत,
बोट टेकवलं तर आत गेलं
ओल्या भाकरीत जावं तसं.

तीन दिवस लेझर फिरवला.
सौमित्रच्या लॅपटॉपवर
चार कोटी ठिपक्यांची ओसरी उभी राहिली:
उलटी करून बघता येते, आरपार जाता येतं,
आणि सहाव्या खांबापाशी एक धूसर रेघ,
असरला उठून गेलेलं कुणीतरी.
ती साफ करायची राहिली. मग मुद्दामच राहू दिली.

मी म्हटलं, सोपं आहे,
उरलेल्या तेविसांची सरासरी काढू.
काढली. गुळगुळीत आली.
वस्तांनी चष्मा कपाळावर चढवला,
माशाचे कल्ले उघडून बघावेत तसं स्क्रीनकडे बघितलं.
‘हा कोणाचा?’
सगळ्यांचा, म्हटलं.
‘सगल्यांचा म्हंजे कोणाचाच नाय.’

मग टॉर्च घेऊन स्टुलावर चढले. वय एक्याऐंशी.
खाली आम्ही दोघं स्टूल धरून.
हे चार डावखुऱ्याचे, पटाशी इकडून शिरलीय.
हा पोराचा, घाबरत घाबरत कोरलाय.
हा बाक बघ,
ही गलबताची नाळ आहे, कमळ नंतर चिकटलं तिला.
पावसाळ्यात होड्या शाकारून झाल्या
की रिकाम्या हातांना काय काम?
मग हे.

सातव्याचा जोडीदार आठवा. डावखुऱ्याचाच.
त्याला आरशात उलटा केला.
तिसऱ्या पाकळीवर पटाशी घसरलेली, तीही उलटून आली,
दोन मिलिमीटर, अगदी हुबेहूब.
मी खूश.
वस्ता म्हणाले, एकदा घसरली ती चूक.
तीच ठरवून घसरवलीस तर लबाडी.
ती जागा मी भरून टाकली,
माऊसने, एका क्लिकमध्ये,
आणि उगाचच हात पुसले.

सागाची फळी एका मोडलेल्या मचव्याची,
खिळ्यांच्या भोकांसकट.
चिपळूणच्या शेडमध्ये राउटरला अकरा तासांचं काम.
नवव्या तासाला वीज गेली.
पातं लाकडात तसंच थांबलं.
वीज आली तेव्हा मशीन आपला शून्य विसरलं होतं:
पाचव्या पाकळीवरून तांदळाच्या कणीएवढी उडी मारली
आणि काहीच न झाल्यासारखं पुढे कोरत गेलं.

सौमित्र जे बोलला ते इथे लिहीत नाही.
दुसरी फळी नव्हती.
लांबी भरायचा डबा होता, तो उघडला,
तोवर वस्ता टेंपोवाल्याशी भाड्यावरून भांडून आत आले.
अंगठा फिरवला पाकळीवरून.
त्या उडीपाशी थांबला,
मागे गेला, पुन्हा थांबला.
‘डबा लाव,’ म्हणाले. ‘हा बसव.’

बसवला. चोवीस झाले.
खालून बघणाऱ्याला कळत नाही,
मला मान वर केली की तेवढंच दिसतं.

अहवालात प्रत्येक हस्तापुढे रकाने आहेत:
लाकूड, माप, अवस्था, कारागीर.
तेवीस ठिकाणी ‘अज्ञात’.
सातव्यापुढे सौमित्रने पेन्सिलीने
‘महावितरण’ लिहून ठेवलंय.
अजून खोडलेलं नाही मी.