उणे तीस

मे महिन्यात नागपुरात कोणी काही थंड ठेवायच्या भानगडीत पडू नये.
मी ठेवलं होतं. उणे तीसला,
अंगठ्याएवढ्या बाटलीत,
सात महिन्यांत अकरा वेळा पांढरं पडलेलं
आणि बाराव्या खेपेला लाल राहिलेलं काहीतरी.

जर्मेनियमला हात चार.
आम्ही त्यातले दोनच धरू दिले,
तेही अशा जाडजूड, फांद्याफांद्यांच्या गटांना
की बाहेरच्याला आत वाट सापडू नये.
उरलेल्यांतली एक मूठ मिटलेली, आत इलेक्ट्रॉनची जोडी.
दुसरा तळवा उघडा, रिकामा.
हवेत हे क्षणभर टिकत नाही.
हवा त्याचं वाईट करत नाही,
ती चारी हात भरून देते,
आणि मग तो कुठल्याही बरणीतली भुकटी होतो.

रात्री अकराला लाइन गेली.
निखाडे काका दारात, बंडी घामानं चिकटलेली :
"ताई, इन्व्हर्टर बी बसला नं. फ्रीजर उणे अठरावर येऊन राह्यला."
नायट्रोजनची गाडी सोमवारी. बुटीबोरीचा फोन बंद.
मग त्यांनाच आठवला त्यांचा साडभाऊ,
सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजातला,
वळूंचं बीज गोठवून ठेवणारा.

परतताना स्कूटरवर दहा लिटरचं भांडं माझ्या मांडीत,
झाकणाच्या फटीतून वाफ.
फुटाळ्याला गाडा आवरणारा चणेवाला म्हणाला,
"कुल्फी हाय का वो मॅडम? दोन द्या."

अल्कोहोलची बादली, बादलीत बाटली.
काका डावानं नायट्रोजन ओतत होते, बेतानं,
मी टॉर्च धरून आकडे सांगत होते :
एकोणतीस. बत्तीस, थांबा. तीस.
"सून बाळंत झाली तवा बी मी झोपलो होतो," ते म्हणाले.
मग बराच वेळ, "काहाच्या कामाचं हे?"
मी म्हटलं, हायड्रोजन तोडेल कदाचित, प्लॅटिनमशिवाय.
"म्हंजे स्वस्तात."
कदाचित, काका.

चार चाळीसला पंखा हलला.
तळाशी तीन खडे, टाचणीच्या डोक्याहून लहान.
काकांनी बंडीच्या टोकानं काचेवरचं दव पुसलं.
"लाल हाय अजून."
चहा आणायला निघाले, आणि जाताना
खोलीचं दार हळूच ओढून घेतलं, हवा लागू नये म्हणून.
बाटली सीलबंद होती. दाराचा काही संबंध नव्हता.
मी सांगितलं नाही.